कुजण्याचे शील

'जैवविघटनशील' हा शब्द अलीकडे वेष्टनांवर आणि जाहिरातींत वारंवार भेटतो. भाषेचा अभ्यासक म्हणून माझे लक्ष त्यातील 'शील' या घटकाकडे जाते. सहनशील, मननशील, प्रयत्नशील या शब्दांत 'शील' म्हणजे अंगी मुरलेला स्वभाव. वस्तूचा स्वभाव कुजण्याचा आहे, एवढेच हा शब्द सांगतो. ती कोठे कुजेल आणि किती काळात, याविषयी तो मौन पाळतो. मका किंवा उसाच्या शर्करेपासून बनणारे 'पीएलए' हे प्लास्टिक याच वर्गातले. परंतु त्याचे विघटन लवकर व्हायचे तर सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमान राखणारा खतप्रकल्प लागतो. रानात टाकलेला त्याचा पेला वर्षानुवर्षे तसाच पडून राहू शकतो.

शब्दाने सोडलेली ही जागा भरणे, हे मला अभिकल्पकाचे, म्हणजे रूढ भाषेत डिझायनरचे, खरे काम वाटते. रोपाभोवती उभारलेला बांबूचा कठडा याचे साधे उदाहरण आहे. रोपाला गुरांपासून संरक्षण हवे असते ते पहिली दोन-तीन वर्षे. लोखंडी कठडा त्यानंतरही उरतो आणि वेळीच काढला नाही तर वाढत्या खोडात रुततो. प्रक्रिया न केलेला बांबू मातीच्या ओलीत जवळपास तेवढ्याच काळात वाळवी आणि बुरशीच्या स्वाधीन होतो. झाड सावरते तोवर कठडा मातीला मिळालेला असतो. उलट उघड्यावरच्या बाकासाठी तीन-चार वर्षांचा पक्व बांबू निवडून, त्यावर संरक्षक प्रक्रिया करून, त्याचे पाय दगडावर टेकवावे लागतात. वस्तूचे आयुष्य ठरवणे हाही अभिकल्पाचाच भाग असतो.

गडचिरोली-चंद्रपूरच्या बुरड कारागिरांना हे ज्ञान नवे नाही. सूप, टोपली, परडी, कणगी ही नावे केवळ आकारांची नाहीत. प्रत्येक नावामागे विणीचा दाटपणा आणि वापराची रीत आहे. शेणामातीने सारवलेली कणगी धान्य सांभाळते. परडीकडून तेवढ्या टिकाऊपणाची अपेक्षा कोणी करत नाही. प्लास्टिकची बादली ही सारी कामे एकटीच करू लागली, की वस्तूंबरोबर हे शब्दही उठून जातात.

शब्दाचे मोल या प्रदेशाने आणखी एका प्रकारे अनुभवले आहे. वनस्पतिशास्त्रानुसार बांबू गवताच्या कुळातला. १९२७च्या भारतीय वन अधिनियमाने मात्र त्याला 'वृक्ष' या व्याख्येत बसवले, आणि त्याची तोड व वाहतूक वनखात्याच्या परवान्याखाली आली. २००६च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरला. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा ग्रामसभेला सामूहिक वनहक्क २००९मध्ये मिळाला, तरी बांबूचे वाहतूक परवाने तिच्या हाती यायला २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला. जुन्या व्याख्येतून 'बांबू' हा शब्द २०१७मध्ये वगळला गेला. एका शब्दाच्या जागेवर किती घरांची चूल अवलंबून असू शकते, हे भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे येऊन पाहावे.

चंद्रपूरजवळच्या चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रासारख्या ठिकाणी शिकणाऱ्यांच्या हातून नव्या वस्तू घडतील, त्यांना नवी नावेही मिळतील. वस्तू किती पावसाळे टिकेल आणि नंतर कोणत्या मातीत मिसळेल, हे त्या नावांबरोबर ग्राहकाला स्पष्ट सांगितले जावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.