पासष्ट मिलिमीटर

‘हवामान न्याय’ हा शब्द कानावर पडला की माझ्या कपाळाला आठी पडायची. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवलं, निवृत्तही तिथूनच झालो. ‘आहे’मधून ‘असावं’ निघत नाही, हा डेव्हिड ह्यूमचा मुद्दा पोरांकडून घोटवून घेता घेता माझ्याच अंगात मुरला होता. पाऊस किती पडला, तापमान किती चढलं, हे मोजणाऱ्यांनी मोजावं. कुणी कुणाला काय द्यायचं हा त्यानंतरचा, वेगळा प्रश्न. मोजमापाच्या खोलीत न्यायाला शिरू देणारे लोक एकतर विज्ञानात कच्चे नाहीतर राजकारणात पक्के, असं मी स्टाफरूममध्ये ऐकवायचो. लोक हसायचे. मला ते आवडायचं.

वाचलेलं नव्हतं अशातला भाग नाही. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांची १९९१ ची पुस्तिका माझ्याकडे होती. अमेरिकेतल्या एका संस्थेने तापमानवाढीला जबाबदार देशांची यादी काढली होती आणि तिच्यात भारत, चीन, ब्राझील यांना वरच्या रांगेत बसवलं होतं. या दोघांनी त्या आकड्यांची वीण उसवून दाखवली. भातखाचरातून निघणारा मिथेन आणि मोटारीच्या नळीतून निघणारा धूर एकाच तागडीत कसा टाकला? एक जगण्यासाठीचा, दुसरा चैनीचा. हेन्री शू या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९९३ मध्ये हाच भेद नीतिशास्त्राच्या भाषेत मांडला. मी दोन्ही वाचलं आणि बाजूला ठेवलं. वायू पोटासाठी निघाला की हौसेसाठी, हे वातावरणाला कळत नाही, अशी समासात पेन्सिलीने नोंदही केली. ती नोंद आजही बरोबरच आहे. फक्त ती वातावरणाबद्दल आहे आणि पुस्तिका होती यादीबद्दल. यादी माणसं करतात, हे त्या वेळी माझ्या डोक्यात शिरलं नाही.

आता तुमच्यापासून काय लपवायचं! या मतामागे ह्यूम जेवढा होता, तेवढाच महिन्याच्या महिन्याला जमा होणारा पगारही होता. वडिलांची कोरडवाहू जमीन भावाने केली, मी नोकरी केली. पावसाचा आकडा म्हणजे त्याच्या वर्षाचा निकाल आणि माझ्यासाठी पेपरातली बातमी. याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्याच्या कुटुंबाने १९ मार्च १९८६ ला जीवन संपवलं. त्यांच्या स्मरणार्थ त्या तारखेला लोक अन्नत्याग करतात, तो मीही कधीमधी केला. पण तो दिवस भावनेचा, बाकीचे तर्काचे. माझे कप्पे नीट लावलेले होते.

ते कप्पे मोडले एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. बी.ए.ला त्याला माझ्याकडे तर्कशास्त्र होतं. आता शेती करतो. सप्टेंबरच्या पावसात त्याच्या सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले होते, पऱ्हाटी पिवळी पडली होती. मदतीच्या यादीत मात्र त्याचं महसूल मंडळच नव्हतं. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, आणि मंडळाच्या यंत्राने त्याखालचा आकडा दाखवला होता. तो काही तक्रार घेऊन आला नव्हता, मुलाच्या प्रवेशाचं विचारायला आला होता. विषय मीच काढला आणि समजूतही मीच घालायला लागलो. रेघ कुठेतरी आखावीच लागते, नाहीतर जो तो हात वर करेल, वगैरे.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “सर, रेघ आखा ना. माह्यी ना नाही. पण थे चुकली तं कोणाच्या अंगावर पडते, थे सांगा.”

मी म्हटलं, यंत्र कशाला चुकेल?

“यंत्र बराबरच हाये सर. पण थे हाये तिकडे, अन् वावर हाये इकडे. अन् पाऊस धरला पहाटंपासून, थो दहा वाजेपर्यंत. तुमचा दिवस साडेआठले संपते. अर्धा पाऊस कालचा झाला, अर्धा आजचा. मंग माह्यं सोयाबीन कोणत्या दिवशी सडलं, थे तुमीच सांगा.”

मला उत्तर सुचलं नाही. चहा आला, प्रवेशाचं बोलणं झालं, तो गेला. मी मात्र तिथेच अडकून पडलो.

हवामानशास्त्रात पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो. यात काही काळंबेरं नाही. देशभर एकाच वेळी नोंद घ्यायची तर कुठलीतरी वेळ ठरवावीच लागते. हवामान खात्याच्या वर्गवारीत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार पाऊस धरतात, तेही वर्णनाच्या सोयीसाठी. पण वर्णनासाठी आखलेली रेघ मदतीच्या दारात नेऊन ठेवली की ती पहारा करू लागते. आमची काळी जमीन पाणी धरून ठेवते. रोज चाळीस-चाळीस असा चार दिवस पाऊस लागला तर मुळं गुदमरतात. एकाच दिवशी सत्तर पडून लख्ख ऊन पडलं तर पीक सावरूही शकतं. कापसाच्या मुळाला ६५ हा आकडा ठाऊक नाही. राज्य सरकारनेही २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ ही नैसर्गिक आपत्ती म्हणून मान्य केली. म्हणजे रेघ हलवता येत होती. जी गोष्ट मंत्रिमंडळाच्या बैठकीत हलते, तिला मी इतकी वर्षं निसर्गाचा नियम असल्यासारखा मान देत होतो.

त्या रात्री जुनी टिपणं काढली. रिचर्ड रुडनर, १९५३. हा प्रश्न मी परीक्षेत ‘टीप लिहा’ म्हणून पाच गुणांना घालायचो. रुडनरचं म्हणणं साधं आहे. कोणताही पुरावा पूर्ण नसतो, तेव्हा ‘एवढा पुरे’ हे शास्त्रज्ञाला ठरवावं लागतं; आणि ते ठरवताना, आपण चुकलो तर नुकसान केवढं, हे पाहावंच लागतं. औषधात विषारी अंश आहे का हे तपासताना जेवढी खात्री हवी, तेवढी कमरपट्ट्याच्या बकलांचा ढीग तपासताना लागत नाही. म्हणजे ज्या खोलीच्या दारावर मी न्यायाला अडवून धरलं होतं, तिच्यात तो आधीपासून बसलेला होता. पासष्टच्या रेघेच्याही दोन चुका होऊ शकतात. नुकसान न झालेल्याला पैसे जातील, किंवा नुकसान झालेल्याला जाणार नाहीत. पहिली चूक तिजोरीला लागते, दुसरी एका घराला. यातली कुठली आपण जास्त सोसायची, हे जगातलं कुठलंही पर्जन्यमापक सांगत नाही. ते कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं आणि आकड्याच्या पोटात घालून दिलेलं असतं.

हे मी शिकवलं, त्याचे पेपर तपासले, गुण दिले. त्यातला एक पेपर याच पोराचा असणार. त्याला ते कळलं होतं, मास्तरला नव्हतं.

याहून जास्त बोचलं ते वेगळंच. मला महागाई भत्ता मिळायचा, निवृत्तिवेतनावर आजही मिळतो. निर्देशांक चढला की तो वाढतो. माझ्या घरात तेल किती लागलं, भाजी मी खरंच महाग घेतली का, हे पाहायला कधी कुणी आलं नाही. पंचनामा नाही, फोटो नाहीत, बहात्तर तासांत कळवण्याची अट नाही. सरासरीने महागाई वाढली एवढ्यावर माझ्या खात्यात पैसे जमा. तशीच एक सरासरी त्या पोराच्या बांधावर जाते तेव्हा त्याचं नुकसान पुसून टाकते. मला देणाऱ्या सरासरीला मी हक्क म्हणत आलो आणि त्याला नाकारणाऱ्या सरासरीला वस्तुनिष्ठता. तर्कशास्त्राचा मास्तर म्हणवणाऱ्याची ही विसंगती पहिल्या वर्षाच्या पोरानेही पकडली असती.

मग बाजूला ठेवलेलं पुन्हा वाचायला घेतलं, आणि हीच रेघ जगभर दिसू लागली. एखाद्या अतिवृष्टीत तापमानवाढीचा वाटा किती, हे काढणाऱ्या शास्त्रज्ञांचा ‘वर्ल्ड वेदर अॅट्रिब्यूशन’ हा गट आहे. जुलै २०२१ मध्ये जर्मनी-बेल्जियमला पूर आला तेव्हा तसा पाऊस होण्याची शक्यता तापमानवाढीमुळे १.२ ते ९ पट वाढली, असं या गटाने आकड्यांत सांगितलं. मे २०२३ मध्ये किवू सरोवराच्या काठावर, रवांडा आणि काँगोमध्ये, पुराने शेकडो माणसं नेली. तिथे याच गटाला हात टेकावे लागले, कारण पावसाच्या नोंदीच पुरेशा नव्हत्या. उत्तर प्रामाणिक आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण परिणाम पाहा. ज्यांनी धूर सोडला त्यांच्याकडे नोंदवह्या आहेत. ज्यांनी सोडला नाही त्यांच्याकडे पुरावा नाही. २०२२ मध्ये शर्म अल-शेखच्या परिषदेत ‘हानी आणि नुकसान’ निधी ठरला. त्याच्या दारात उद्या पुरावा मागितला गेला तर किवूकाठच्या माणसाने काय दाखवायचं? आपण त्या मानाने सुदैवी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावरच्या अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. हे कळायला दीर्घ काळाच्या नोंदी लागल्या, त्या आपल्याकडे होत्या. मंडळापर्यंत खाली उतरलं की मात्र आपणही किवूच्या काठावरच.

नव्याने बाटलेल्या माणसाचा उत्साह मोठा असतो. मी लगेच भाषणांतून सांगायला लागलो की भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकेत त्याच्या सातपट, तेव्हा आधी त्यांनी हिशेब द्यावा. टाळ्या मिळायच्या. पुन्हा सरासरीच! आमच्या वणीच्या खाणींतला कोळसा वीजकेंद्रांत जळतो, त्या विजेवर माझ्या खोलीतला एसी चालतो. त्याच दोन टनांच्या सरासरीत घाटंजीकडची कापूस वेचणारी बाईही धरलेली आहे. तिचा वाटा नाममात्र, म्हणून सरासरी खाली राहते आणि मी पांढऱ्या सदऱ्याने व्यासपीठावर उभा राहतो. ‘ग्रीनपीस इंडिया’ने २००७ मध्ये एका अहवालात नेमकं हेच म्हटलं होतं, की आपल्याकडचे सुखवस्तू गरिबांच्या आड लपतात. तो अहवाल तेव्हा मला देशद्रोही वाटला होता. आता अमेरिकेकडे बोट दाखवताना माझा आवाज थोडा खाली येतो. बोट मात्र मी खाली घेतलेलं नाही, घेण्याचं कारणही नाही.

सगळंच पटलं असं समजू नका. या जिल्ह्यातलं प्रत्येक दुःख हवामानाच्या नावावर घालणाऱ्यांचा मला अजून राग येतो. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने इथे वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ते काही तापमानवाढीने नव्हे. त्याच हंगामात बोंडअळीने कापूस खाल्ला. कापसाचा भाव, बँकेचं कर्ज, सावकार, हे जुनेच आहेत. वातावरण बदललं हो, काय करणार, असं म्हणून हात झटकणाऱ्यांना हा नवा शब्द फार सोयीचा आहे. तेव्हा ‘आहे’ काय, हे काटेकोर मोजलंच पाहिजे. ह्यूमला मी घराबाहेर काढलेलं नाही. मोजताना उरलेली शंका कुणाच्या खात्यावर टाकायची, एवढाच माझा प्रश्न बदलला. माझ्यापुरतं उत्तर ठरलं आहे. ज्याचं पीक गेल्याचं डोळ्यांना दिसतं, त्याच्याविरुद्ध ती टाकू नये. तिजोरीला चूक सोसते.

केंद्राच्या ‘विंड्स’ योजनेत आता ग्रामपंचायतीच्या पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवायचे आहेत. ते लवकर बसोत. तरीही रेघ राहीलच, आणि ती कुठे आखायची यावर बोलण्याचं काम ज्यांचं वावर बुडालं त्यांच्यावरच सोडून आपण पेपर वाचत बसतो. माझ्यासारख्या पगारदारांना आणि पेन्शनवाल्यांना विनंती आहे: पुढच्या ग्रामसभेला जाऊन बसा. पावसाचा आकडा वाचून दाखवला की यंत्र कुठे आहे आणि आकडा किती वाजेपर्यंतचा आहे, एवढं उठून विचारा.