ध्यान कुठं आहे तुझं?
लकडगंजात आमच्या घरामागेच आरा मशीन होती. ओंडका पात्याकडे सरके, फळी सुटे, ओंडका मागे येई; मी खिडकीशी तासन्‌तास उभी. त्याच मुलीला बाराचा पाढा काही पुरा होत नसे. वर्गात मात्र मी गप्प बसायची. उड्या मारणाऱ्या मुलांची तक्रार घरी जाई, माझ्या प्रगतिपुस्तकावर ‘स्वभाव शांत’ असा शेरा पडे.

घरी आई मला भुशाच्या शेगडीपाशी दूध राखायला बसवायची. ठासून भरलेला भुसा एकदा पेटला की आच पटकन कमी करता येत नाही. दूध उतू गेलं की ठरलेलं, “काहून गं, ध्यान कुठं आहे तुझं?” भावाला हे कधी ऐकावं लागलं नाही, त्याला शेगडीपाशी कोणी बसवलंच नव्हतं.

हा एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि चंचलता आवरता न येण्याचा विकार, हे मला फार उशिरा कळलं. यात लक्ष भरपूर असतं, पण हवं तिथं वळवता येत नाही. लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी 1902 साली अशा 20 मुलांची वर्णनं मांडली, त्यांत मुली 5 होत्या. पुढेही कसोट्या बहुतांशी मुलग्यांच्या चुळबुळीवर बेतल्या गेल्या. मुलीची चुळबुळ बहुधा आतल्या आत चालते, ती कोण मोजणार?

लग्नानंतर सासूबाईंच्या गोळ्या, डबे, विजेचं बिल, भिशीची तारीख, सगळं माझ्या डोक्यात. नवरा विसरला तर बायको आठवण करते. बाई विसरली की ती निष्काळजी, तिला घराची ओढ नाही. या आजारात जे सर्वांत अवघड, नेमकं तेच काम आपण बाईच्या गळ्यात घालतो आणि त्यावरून तिची माया जोखतो. याचा मला संताप येतो. चाळिशीनंतर इस्ट्रोजेन घटू लागलं की अनेकींचं विसरणं वाढतं. माझंही वाढलं, तेव्हा कुठे मी डॉक्टरांकडे गेले.

आजार बराचसा आनुवंशिक, असं त्यांनी सांगितलं आणि मला आई आठवली. पदराला गाठ मारायची आणि कशासाठी मारली तेच विसरायची. आजीची बोलणी खात, रात्री सगळे निजल्यावर राहिलेली कामं उरकायची. परवा तिला हे सारं सांगितलं. “आता या वयात काय करायचं बाप्पा त्याचं?” म्हणाली. मग थोड्या वेळानं स्वतःच विचारलं, “डॉक्टर केव्हा बसतात?”