फुकटच्या टेबलावरचं शिक्षण

पोकर शिकायचं असेल तर आधी फुकट प्रवेशाच्या स्पर्धा खेळ, असा सल्ला हल्ली पोरं एकमेकांना देतात. अशा स्पर्धेला 'फ्रीरोल' म्हणतात. प्रवेश फी नाही, चिप्स सगळ्यांना सारख्या, आणि शेवटपर्यंत टिकणाऱ्यांना थोडंफार बक्षीस किंवा पुढच्या स्पर्धेचं तिकीट. माझा एक जुना विद्यार्थी दोन महिने यात रमला आहे. अंबडच्या एका कारखान्यात कामाला आहे, दुकानाच्या डिपॉझिटसाठी पैसे साठवतो. 'शिकून झालं' की त्यातलेच काही घेऊन गोव्याला जायचं, मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजावर बसायचं, असा त्याचा बेत आहे. हे कळल्यावर त्याची अम्मी मला भेटायला आली. "सर, तो म्हणतो एक रुपया लावत नाही, मग गुनाह कसला? तुम्हीच सांगा आता."

फतवा देणं माझं काम नाही, ते मौलानांना विचारावं. पण एक गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते. कुरआनात शराब आणि मैसिर यांचा उल्लेख जोडीने येतो. मैसिर म्हणजे अरबस्तानातला तो जुना जुगार: उंट कापायचा आणि त्याच्या वाट्यांसाठी बाण काढायचे. जिंकलेलं मांस पुष्कळदा गोरगरिबांना वाटून टाकत, म्हणजे 'आम्ही थोडेच स्वतःसाठी खेळतो' असं म्हणायची सोय तेव्हाही होती. आणि सूरह बकरामध्ये त्यात लोकांना काही फायदे आहेत हे आधी मान्य केलं आहे, मग गुनाह त्याहून मोठा असल्याचं सांगितलं आहे. शिक्षक म्हणून मला ही पद्धत आवडते. तेव्हा आधी फायदाच मोजू.

आपल्याकडचा मुलगा पोकरला बसतो तो तीन पत्ती शिकून आलेला असतो, आणि तीन पत्ती त्याला दोन ठिकाणी हमखास फसवते. तीन पत्तीत 'ब्लाइंड' म्हणजे पत्ते न बघता खेळलेली चाल. पोकरमध्ये 'ब्लाइंड' म्हणजे पत्ते वाटण्याआधी दोघांनी सक्तीने टाकायच्या चिप्स. तीन पत्तीत सीक्वेन्स कलरला मारतो, पोकरमध्ये कलर सीक्वेन्सला. हे कुणाच्या लहरीने ठरलेलं नाही. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात, त्यात साधे सीक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच पत्त्यांना हिशेब उलटतो: सीक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८. जे दुर्मीळ ते वरचं. असा नियम पुस्तकात वाचून जेवढा पक्का होत नाही तेवढा एकदा हरून होतो, आणि हरायला पैसे लागत नसतील तर उत्तमच. (दहावीच्या गणितात संभाव्यतेच्या धड्यात ५२ पत्त्यांच्या कॅटवरची उदाहरणं असतात. आमच्या वस्तीतल्या कित्येक मुलींनी पत्ता कधी हातात धरलेला नसतो. चौकट लाल की काळी, इथपासून सांगावं लागतं. या मुलाला ते सांगावं लागलं नव्हतं.)

फायदा मात्र इथेच संपतो, कारण हातांचा क्रम म्हणजे पोकर नव्हे. पहिले दोन पत्ते १,३२६ प्रकारे येऊ शकतात. त्यातले बहुतेक बघून टाकून द्यायचे असतात. पोकरमधलं सगळ्यात अवघड कौशल्य हेच, आणि फुकटच्या टेबलावर त्याची कुणाला गरज वाटत नाही. पहिल्याच डावात चार-पाच जण सगळ्या चिप्स पुढे ढकलतात. जिंकलो तर ढीग, हरलो तर दुसरी स्पर्धा आहेच. उर्दूत म्हणतात, माल-ए-मुफ्त, दिल-ए-बेरहम.

बी.एड.ला थॉर्नडाइकचं मांजर सगळ्यांनी वाचलेलं असतं. पेटीत कोंडलेलं मांजर धडपडत राहतं, चुकून कळ दाबली जाते, दार उघडतं. पुढच्या वेळी ते लवकर कळ दाबतं. प्रयत्न-प्रमाद पद्धती. पण थॉर्नडाइकची पेटी प्रामाणिक होती: बरोबर कळ दाबली की दार दर वेळी उघडायचं. पोकरची पेटी तशी नाही. हातात दोन एक्के, म्हणजे याहून चांगली सुरुवात नाही, ती २२१ डावांत एकदा मिळते. समोर एकच जण कुठलेही पत्ते घेऊन आला तर शंभरात सुमारे ८५ वेळा एक्केवाला जिंकतो. तसेच चार जण आले तर सुमारे ५६ वेळा. म्हणजे बरोबर खेळूनही ४४ वेळा हार, आणि त्यातल्या एखाद्या वेळी सत्ती-दुर्री घेऊन घुसलेला ढीग उचलून नेतो. एक्केवाल्याला वाटतं आपलं चुकलं. सत्तीवाल्याला वाटतं आपल्याला खेळ कळला. दोघंही उलटंच शिकले.

शेवटी थोडे खेळाडू उरले, बक्षीस जवळ आलं की खेळ खराखुरा होतो, हे मान्य आहे. पण तिथे पोहोचेपर्यंत रात्रीचा एक वाजतो, आणि या मुलाची पहिली पाळी असते.

फुकटातून वर आलेल्यांची उदाहरणं त्याला पाठ आहेत. नॉर्वेची ॲनेट ओब्रेस्टाड फ्रीरोलपासून सुरुवात करून २००७ मध्ये लंडनला दहा लाख पौंड जिंकली, तेही एकोणीस वर्षांची व्हायच्या आत. ख्रिस फर्ग्युसनने शून्यापासून दहा हजार डॉलर करून दाखवले. खरं आहे. फक्त फर्ग्युसन त्याआधीच, २००० साली, जागतिक स्पर्धा जिंकलेला होता, आणि ज्या कंपनीच्या टेबलांवर त्याने हे केलं तिच्या चालकांपैकी तो होता. तो नवशिका नव्हता. त्याने स्वतःवर घातलेला नियम मात्र कुणी सांगत नाही: कॅश टेबलावर एका वेळी जवळच्या रकमेच्या पाच टक्क्यांहून जास्त न्यायचं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला. कौशल्याचा खेळ असो की नशिबाचा, ऑनलाइन पैसे लावून खेळवायला बंदी. मोठ्या ॲप्सनी पैशांचे टेबल उचलले. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत, १९७६ चा कॅसिनोचा कायदा कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द केला. म्हणून गोवा. आणि गोव्याच्या टेबलावर एक गोष्ट असते जी फुकटच्या स्पर्धेत कधीच दिसत नाही. अड्डेवाला नाल काढतो तसा तिथे टेबल मालकाचा वाटा निघतो. चांगलं खेळणाऱ्यालाही आधी तो भरून काढावा लागतो. दोन महिने फुकट खेळलेल्या मुलाने हा वाटा कधी हिशेबात धरलेला नसतो.

मी त्याला खेळू नको म्हणालो नाही. वही दिली. दहा स्पर्धा, प्रत्येक डावाला एक ओळ: पत्ते कोणते, टाकले की खेळलो, का. निकाल लिहायचा नाही. पंधरा दिवसांनी तो वही घेऊन आला, चारच स्पर्धा भरलेली. 'टाकले' असं पहिल्या दोन स्पर्धांत मिळून सहा वेळा होतं. तिसरीत बऱ्याच ओळी 'का'च्या रकान्यात कोऱ्या होत्या. चौथीत एका ओळीपुढे त्याने लिहिलं होतं, "कंटाळा आला."

"सर, असं लिहीत बसलं तर खेळायला मजा येत नाही," तो म्हणाला.

"गोव्याला किती नेणार आहेस?"

त्याने आकडा सांगितला. फर्ग्युसनचा नियम लावला तर त्या पैशांतून एका वेळी किती टेबलावर न्यायचे, तो हिशेब मी त्याच वहीच्या मागच्या पानावर त्याला करायला लावला. उत्तर आलं ते त्याच्या एका दिवसाच्या पगाराहून कमी होतं. एवढ्यात तिथे कोण बसू देईल, असं तो म्हणाला, आणि वही पिशवीत टाकून कामावर गेला.