आतलं चाक

वरठीहून मोहाडीकडे येताना एका उजव्या वळणावर आमच्या मारुती ८०० ची डावी दोन चाकं रस्ता सोडून चिखलात उतरली, तेव्हा गाडीत मी एकटाच होतो. हे आधीच सांगतो, कारण घरच्यांचा फोनवरचा पहिला प्रश्न तोच होता. आदल्याच दिवशी त्याच रस्त्याने मी आजीला चौंडेश्वरीच्या देवळात घेऊन गेलो होतो.

ऑगस्ट होता. रोवणी आटोपलेली, बांध्या तुडुंब, रस्ता ओला. वेग पन्नासच्या आत. पंधरा दिवसांपूर्वी मी नागपुरात पुढच्या दोन्ही स्प्रिंगांचं एकेक वेटोळं कापून घेतलं होतं. गाडी पुढून खाली बसली, रुबाबदार दिसायला लागली, वळणावर झुकेनाशी झाली. झुकत नाही म्हणजे रस्त्याला चिकटून धावते, असा माझा समज. रेसच्या गाड्या कडक असतात हे मोबाइलवर पाहिलं होतं. कशासाठी कडक असतात, ते पाहायचं राहिलं.

वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकांकडे सरकतं. किती सरकणार हे मुख्यतः वळणाचा जोर, गाडीच्या वजनाची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर ठरवतं. स्प्रिंग कडक केल्याने ते थांबत नाही. त्यातला किती भार पुढच्या जोडीने सोसायचा आणि किती मागच्या, एवढंच स्प्रिंगच्या हातात असतं. वेटोळं कापलं की उरलेली स्प्रिंग जास्त कडक होते. मी पुढच्याच कापल्या, म्हणजे जास्तीचा भार पुढच्या जोडीच्या माथी मारला.

समजा पुढच्या दोन चाकांवर मिळून चारशे किलो आहेत. सरळ रस्त्यावर दोनशे-दोनशे. वळणावर बाहेरच्यावर तीनशे, आतल्यावर शंभर. बेरीज तीच. पण टायर दीडपट वजनाला दीडपट पकड देत नाही, थोडी कमीच देतो. बाहेरच्या चाकाने कमावलं त्याहून आतल्याने गमावलं जास्त. त्यात आपला रस्ता! खड्डा आला की चाकाने खाली जाऊन जमीन धरायला हवी. माझ्या आखूड स्प्रिंगला तेवढी जागाच उरली नव्हती. आतलं चाक जवळजवळ अधांतरी.

आणि नेमका तेव्हाच मी ॲक्सिलरेटर दाबला.

बैलबंडीला ही अडचण नाही. तिची दोन्ही चाकं आसावर सुटी फिरतात, ओढायचं काम बैलांचं. मोटारीत मात्र चाकांनीच ओढायचं असतं, आणि वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. त्यावरचा उपाय म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर नावाच्या घड्याळजीने १८२७ साली त्याचं पेटंट घेतलं, तेही वाफेच्या गाडीसाठी. हे साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं, पण जोर सारखाच वाटतं. एक चाक घसरायला लागलं की त्याला जेवढा जोर पेलतो तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. माझं आतलं चाक घुर्र करून जागच्या जागी फिरलं, बाहेरच्याला ओढायला बळ मिळालं नाही, आणि स्टिअरिंग उजवीकडे असताना गाडीचं नाक डावीकडच्या बांधीकडे सरकत गेलं.

खाली उतरल्यावर तोच खेळ उलटा. डावं चाक चिखल उडवत फिरतंय, उजवं डांबरावर ढिम्म.

बाबा ट्रॅक्टर घेऊन आले. रागावले नाहीत, ते जास्त लागलं. दोर बांधून गाडी वर काढली आणि मला ट्रॅक्टरच्या सीटवर बसवलं. उजव्या टाचेजवळचं एक छोटं पेडल दाखवलं, डिफ लॉक. लहानपणापासून पाहिलेलं, कधी विचारलं नव्हतं.

"चिखलात एक चाक फिरलं का हे दाबाचं. मग दोन्ही सोबत फिरते. धुऱ्याजवळ वळाच्या आधी पाय काढाचा. नाही तं ट्रॅक्टर सरळच जाते."

दोन्ही चाकं एकत्र बांधली तर ओढ मिळते, पण वळणं अवघड होतं. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकॅडमीत पोरं ज्या गो-कार्ट चालवतात त्यांना डिफरन्शियलच नसतं, मागचा आस सलग. म्हणून त्यांची बांधणीच अशी, की वळताना मागचं आतलं चाक किंचित उचललं जावं. तिथे जे मुद्दाम करतात, ते मी पुढच्या चाकांवर चुकून केलं होतं, तेही ज्या चाकांनी गाडी ओढायची त्यांच्यावर.

आठवड्याने कंपनीच्या मापाच्या स्प्रिंगा बसवल्या. पैसे माझ्या पगारातून गेले. संध्याकाळी बाबा शेजारी बसले आणि गाडी त्याच वळणावर न्यायला सांगितली. मी आधीच वेग कमी केला, वळण संपेपर्यंत ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका ठेवला. गाडी डावीकडे झुकली, बाबांचा खांदा दाराला टेकला.

"आता झुकते बराबर," ते म्हणाले, आणि काच खाली करून बांधीतलं पाणी पाहत बसले.