वसतिगृहाची भाकर

नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता. १ जुलै १९९८ रोजी तो वेगळा झाला. तळोदा तालुक्यातल्या एका वसतिगृहात मी वाढलो. दसरा झाला की आई-बाबा ऊसतोडीला बारडोलीकडे जायचे, ते उन्हाळ्यातच परतायचे. त्यांच्याबरोबर गेलेली वस्तीतली पोरं पुन्हा शाळेत फारशी दिसत नसत. म्हणून आईने मला मागे ठेवले.

ज्वारीची भाकर, पातळ डाळ आणि रात्री एका कंदिलाभोवती दहा डोकी. भिल्ल, पावरा मुलांत आम्ही बौद्धांचे दोघेच. पंगत एक, माठ एक. गावात मात्र तसे नव्हते. १४ एप्रिलला ती मुले आमच्याबरोबर 'जयभीम' म्हणत.

१९२५ साली बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह का काढले, हे मला त्या भाकरीने शिकवले. पोटाला आधार असेल तरच पाटी हातात राहते.

माझी धाकटी बहीण मात्र तान्ह्या भावाला सांभाळायला फडावर गेली. तिची शाळा चौथीतच सुटली. तिने पुढे आपल्या मुलीला वसतिगृहात घातले.

बंधू-भगिनींनो, तोडीला जाताना मुलाला ठेवता, तसेच मुलीलाही शाळेत ठेवा.