चौसष्ट घरांतलं उलवे

आत्याच्या आगरी मसाल्याच्या पाकिटावर उलव्याचं चित्र काढायचं, तेही जुन्या व्हिडिओ गेमसारखं चौकोन-चौकोन जुळवून. १९८३ साली जपानात आलेल्या फॅमिकॉमवर हलत्या चित्राचा लहानात लहान तुकडा ८ बाय ८ घरांचा असे, आणि त्यात तीनच रंग भरता येत. नव्वदीत आपल्याकडे टीव्हीला जोडून खेळायचे ते कॅसेटवाले गेम याच घराण्यातले. तेव्हाची ती यंत्राची मजबुरी मी हौसेनं ओढवून घेतली आहे.

सिडकोचे सेक्टर मुळातच चौकोनी, पटकन बसतात. (गावठाण नाही बसत, तिथली एकही गल्ली सरळ नाही.) अटल सेतू त्याहून सोपा. १२ जानेवारी २०२४ला उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटरचा पूल म्हणजे करड्या घरांची एक आडवी ओळ, आणि शिवडीच्या टोकाला गुलाबी ठिपका टाकला की रोहित पक्षी. विमान तर काढायलाही नको. ८ ऑक्टोबर २०२५ला शेजारच्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून उलवे म्हटलं की लोकांना तेच दिसतं.

पण पुलाचा आणि मसाल्याचा काय संबंध? मसाला खाडीच्या मासळीला लागतो. निवटी मजेत जमली: चिखलाच्या रंगाचं अंग आणि डोक्यावर दोन पांढरी घरं, बटबटीत डोळ्यांची. जिताड्यानं मात्र रडवलं. इतक्या कमी जागेत सगळे मासे सारखेच दिसतात. शेवटी त्याच्या डोक्यामागचा खोलगट उतार आठवला. एक घर रिकामं सोडलं आणि तो जिताडा झाला.

राहिली उलव्याची टेकडी. धावपट्टीसाठी ती सुरुंग लावून कापली, उलवे नदी वळवली, आसपासची दहा गावं हलवली. नव्या इमारतींत राहायला आलेल्या कित्येकांनी ती पाहिलेलीही नाही, म्हणून ती पाकिटावर हवीच. पण चौकोनांनी टेकडी काढायची तर पायऱ्या पडतात, आणि पायऱ्या पडल्या की ती नेमकी कापत असतानाची दिसते, टप्प्याटप्प्यानं खाली आणलेली! यावर जुन्या गेमवाल्यांची युक्ती कामी आली. पायथ्याशी लांब पायऱ्या, वर चढत जाताना आखूड. मग डोळा त्यांना उतार मानतो.

विमान मागच्या बाजूला गेलं, किंमत आणि वजनाच्या शेजारी. ते दिसायला आभाळाकडे बघितलं तरी पुरतं.

आत्यानं एकच अट घातली: टेकडी पावसाळ्यातली हवी. म्हणजे तीनपैकी एक रंग हिरव्यात गेला. रुपेरी जिताड्याला, तपकिरी निवटीला. निवटीच्या पांढऱ्या डोळ्यांना रंग उरला नाही, तेव्हा तिथला कागद कोराच सोडलाय.