पुढच्या पिढीचा माणूस

‘स्टेट्समन’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीत मुत्सद्दी, राजकारणधुरंधर, राष्ट्रपुरुष असे पर्याय आजवर योजले गेले असले, तरी त्यांपैकी एकही नेमका जागेवर बसत नाही. मुत्सद्दी हा शब्द मोगल अमदानीत सुरत बंदराचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला लावला जाई. पुढे मराठ्यांच्या दरबारातील कारभाऱ्यांना तो चिकटला आणि आज त्यातून आदरापेक्षा डावपेचांचे भान अधिक सूचित होते. इंग्रजी शब्दाचा गाभा मात्र आदर हाच आहे, आणि हा आदर नेमका कशाबद्दलचा, हे सांगताना हटकून एका सुभाषिताचा आधार घेतला जातो: साधा राजकारणी पुढच्या निवडणुकीकडे पाहतो, तर स्टेट्समन पुढच्या पिढीकडे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी धर्मोपदेशक जेम्स फ्रीमन क्लार्क यांच्या नावावर ते सांगितले जाते. ऐकताक्षणी ते पटते, आणि बहुधा म्हणूनच ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटलेली दिसत नाही.

पुढची पिढी मतदान करीत नाही, तक्रार करीत नाही आणि आभारही मानत नाही. तिच्या नावाने आज काहीही करता येते, आणि ते खरोखर तिच्या हिताचे होते की नाही, याचा निवाडा निर्णय घेणारा हयात नसताना होतो. त्यामुळे हे बिरुद बहुधा मरणोत्तरच मिळते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनीही 1958 मध्ये याच आशयाचे उद्गार काढले होते. तरीसुद्धा सुभाषिताच्या चौकटीत चपखल बसणारा एक माणूस इंग्लंडच्या इतिहासात निश्चित सापडतो, आणि तो म्हणजे सर रॉबर्ट पील.

1815 च्या धान्यकायद्याने इंग्लंडमधील गव्हाचा भाव एका ठरावीक मर्यादेवर गेल्याखेरीज परदेशी गहू बाजारात येऊ दिला जात नव्हता. पुढे या बंदीची जागा चढउतार होणाऱ्या जकातीने घेतली, तरी जमीनदारांचे संरक्षण कायम राहिले. पील 1841 मध्ये पंतप्रधान झाले ते याच जमीनदारांच्या पाठबळावर. 1846 मध्ये त्यांनीच हे कायदे रद्द करविले, तेव्हा त्यांच्या पक्षातील सुमारे दोन तृतीयांश सभासद त्यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि त्यांपैकी डिझरायलींनी सभागृहात त्यांच्यावर विश्वासघाताचा आरोप इतक्या तिखटपणे केला की त्याचे घाव पुढे भरलेच नाहीत. विधेयक लॉर्डांच्या सभागृहात संमत झाले त्याच दिवशी दुसऱ्या एका प्रश्नावर पील यांचा पराभव झाला. त्यांनी राजीनामा दिला आणि पुन्हा सत्तेवर न येता 1850 मध्ये घोड्यावरून पडल्याचे निमित्त होऊन ते वारले. त्यांच्या पक्षाला पुन्हा स्पष्ट बहुमत मिळायला 1874 साल उजाडले. पुढच्या निवडणुकीवर याहून निर्णायकपणे पाणी सोडल्याचे उदाहरण सहसा सापडणार नाही.

परंतु याच कथेत एक मका आहे, आणि त्याच्यापाशी सुभाषित अडखळते. धान्यकायदे रद्द करण्याचे तातडीचे कारण म्हणून आयर्लंडमधील बटाट्याचे पीक 1845 मध्ये कुजल्याचा हवाला दिला गेला होता. तेथील गरिबांचे पोट मात्र बटाट्यावर चालत होते, गव्हावर नव्हे. शिवाय जकात टप्प्याटप्प्याने उतरणार होती आणि तिचा शेवटचा टप्पा 1849 चा होता. ज्याच्या हातात पैसाच नाही, त्याला तीन वर्षांनी स्वस्त होणाऱ्या गव्हाचा उपयोग कोणता? पील यांना हे दिसत नव्हते असे नाही. 1845 च्या नोव्हेंबरात त्यांनी बेअरिंग पेढीमार्फत गाजावाजा न करता सुमारे एक लाख पौंडांचा अमेरिकी मका खरेदी करण्याची व्यवस्था केली. हा मका कॉर्क बंदरात उतरला तेव्हा ध्यानात आले की तो गारगोटीसारखा टणक आहे आणि तेथील गिरण्यांत नीट दळला जात नाही. तो दोनदा दळावा लागे. मक्याच्या कण्या किती वेळ शिजवाव्या लागतात, हे ज्या घरांत त्या नित्य रांधल्या जातात तेथे कोणी सांगावे लागत नाही. पण आयर्लंडमधील गरिबांच्या चुलीला हे धान्य नवे होते. अर्धकच्च्या खाण्याने पोटे बिघडली आणि लोकांनी त्या पिवळ्या पिठाला ‘पीलचे गंधक’ असे नाव दिले. तरीही एक पौंड वजनाला एक पेनी या दराने विकलेल्या या पिठाने पहिल्या वर्षी उपासमारीला बराच आळा घातला. पील यांच्यानंतर आलेल्या सरकारने धान्याचा व्यापार बाजारावर सोपविण्याचे धोरण धरले. पुढील वर्षांत आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथींनी मेली.

आता प्रश्न असा, की पील यांच्याविषयीचा आदर धान्यकायद्यांच्या रद्दीमुळे, की मक्यामुळे? इतिहासग्रंथ एकमुखाने पहिल्याकडे बोट दाखवितात. पण भुकेल्या माणसाच्या हाती पडले ते दुसरे. निवडणूक आणि पिढी ही दोनच टोके धरणाऱ्या सुभाषितात आजच्या दिवशी जेवायचे असलेल्या माणसाला जागाच नाही, आणि हा दोष किरकोळ मानता येत नाही.

महाराष्ट्रात ‘स्टेट्समन’ हा शब्द ज्यांना मनापासून लावला गेला त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे वळले, तर गुंता वाढतोच. 1902 पासून ज्या केंद्रीय विधिमंडळात ते बसले, तेथे सरकारी सभासदांचे बहुमत ठरलेले होते आणि अंदाजपत्रकावर बिनसरकारी सभासदाला भाषण करता येई, मत देता येत नसे. त्यामुळे जिंकण्याजोगी निवडणूक त्यांच्यापुढे सुभाषिताला अभिप्रेत असलेल्या अर्थाने नव्हतीच आणि चालवायला स्वतःचे राज्यही नव्हते. पहिल्याच भाषणापासून त्यांनी मिठावरील कराचा पाठपुरावा केला. तो कर 1903 ते 1907 या काळात मणामागे अडीच रुपयांवरून एका रुपयावर आला. त्याचे श्रेय तिजोरीतील शिलकेला किती आणि गोखल्यांच्या आकडेवारीला किती, याची वाटणी करणे अवघड आहे. 1911 मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते अक्षरशः पुढच्या पिढीसाठी होते. पुढच्याच वर्षी ते मोठ्या मताधिक्याने फेटाळले गेले, आणि शिक्षणाचा हक्क घटनेत मूलभूत म्हणून यायला 2002 साल यावे लागले.

म्हणजे आजच्या ताटातील मीठ थोडे स्वस्त झाले आणि उद्याची शाळा नाकारली गेली. सुभाषित खरे मानायचे तर गोखल्यांचे मोठेपण त्यांच्या पराभवात शोधावे लागते, आणि यशाला त्या मोजमापात जागाच उरत नाही. पराभवातून आलेले मोठेपण खोटे असते असे म्हणवत नाही. पण जे विधेयक कायदाच झाले नाही, त्यामुळे ज्या मुलांना अक्षरओळख झाली नाही, त्यांनी त्याच्या कर्त्याला कोणत्या नावाने ओळखावे, याचे उत्तर ‘स्टेट्समन’ या शब्दात सापडत नाही आणि मुत्सद्दी या शब्दातही नाही.